उन्हाळ्यात थांबणाऱ्या नदीचे मासे

विल्यम हेन्री सायक्स हा मूळचा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. पुढे तो कर्नल झाला, ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटातही बसला. पण आपल्याला त्याची ओळख ठेवायची ती १८२४ सालापासून. त्या वर्षी मुंबई सरकारने त्याच्यावर मोजमापाचे काम सोपवले. पेशव्यांकडून नव्याने हाती आलेल्या दख्खनच्या मुलखातली गावे, पिके, पाऊस, बाजारभाव, माणसे हे सगळे मोजायचे आणि कागदावर आणायचे. सायक्सने ते काम १८३१ पर्यंत केले आणि सरकारने सांगितले नव्हते तेही केले. त्याने पक्षी जमवले आणि मासे जमवले. मायदेशी परतल्यावर १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध मांडला.

त्या निबंधातली नावे मराठी माणसाने जरूर वाचावीत. लॅटिनच्या कोटाखालून धोतर दिसते. सायक्सने भीमा आणि तिच्या उपनद्यांवरच्या भोई-कोळ्यांना विचारले, 'ह्याला काय म्हणता?' आणि जे उत्तर आले ते इंग्रजी कानाने ऐकून लॅटिन प्रजातीच्या मागे जोडून दिले. नुक्ता, गोग्रा, सीनघाला, सीनगटी, कोलस, खुद्री, मुल्ल्या. ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहेत आणि बहुतेकांच्या मागे कंसात सायक्सचे नाव आहे. सांगणाऱ्या भोयाचे नाव कुठेच नाही. त्या काळाच्या मानाने हे नवल नव्हे. सायक्सच्या आधी फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांचा ग्रंथ छापला, त्यातले रोहिता, कटला, मृगाला हे शब्दही बंगालच्या मच्छीमारांच्याच तोंडचे.

सायक्सचे दख्खन पुणे, अहमदनगर, सोलापूर, धारवाडपर्यंत होते. वऱ्हाड त्यात नव्हते, कारण वऱ्हाड तेव्हा निजामाचे. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६४ साली त्याच्या आग्नेय टोकाचा वेगळा जिल्हा झाला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ पडले. त्यामुळे यवतमाळच्या माशांचा इतिहास लिहायचा तर पहिली अडचण अशी की तो दुसरीकडेच लिहिला गेला आहे. काही भीमेच्या काठी, काही हुगळीच्या काठी आणि उरलेला लंडनच्या संग्रहालयात. मासे मात्र इथलेही तेच, कारण माशांना इलाखा कळत नाही, खोरे कळते.

हे खोरे गोदावरीचे. जिल्ह्याच्या ईशान्येला आणि पूर्वेला वर्धा वाहते, ती सातपुड्याच्या पठारावर मुलताईजवळ उगम पावते. दक्षिणेला पैनगंगा, ती अजिंठ्याच्या डोंगरातून बुलढाण्याकडून येते आणि सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून खाली पडते. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, निर्गुडा या सगळ्यांचे पाणी शेवटी या दोघींत. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, दोघी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. नकाशावर हा सगळा निळा धागा अखंड दिसतो. मे महिन्यात जाऊन पाहिले तर तो तुटलेला असतो. वाळू, मध्ये खडक, आणि मैलामैलावर एकेक डोह.

इथला मासा समजून घ्यायचा तर तो डोहापासूनच समजून घ्यावा लागतो. जी नदी वर्षातले काही महिने वाहतच नाही, त्या नदीत राहायचे कसे, हा प्रश्न इथल्या प्रत्येक माशाला सोडवावा लागला आहे. कोणी हवा प्यायला शिकून सोडवला, कोणी पहिल्या पुराची वाट धरून, कोणी खडकाला चिकटून.

या प्रश्नाचे फार जुने उत्तर वर्धेच्या पलीकडच्या काठावर दगडात सापडले. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. नागपूरकरांना तो हिस्लॉप कॉलेजमुळे ठाऊक आहे, पण त्याचा जीव खरा रमला दगडांत. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्याने नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि १८५५ साली त्यांवरचा निबंध लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे वरोऱ्याजवळच्या पिसदुरा आणि डोंगरगाव या गावांच्या शिवारातून डायनोसॉरची हाडे आणि माशांचे अवशेष बाहेर आले. वणीहून वरोरा काही लांब नाही, मध्ये वर्धा आडवी आहे इतकेच. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्यासोबत टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहायला हिस्लॉप गेला होता. परतीच्या वाटेवर पूर आलेला ओढा ओलांडताना तो बुडाला. माशांच्या शास्त्राला पाण्याने असे दगे दिल्याची ही पहिली वेळ नव्हती. मत्स्यशास्त्राचा पाया ज्याने घातला तो स्वीडनचा पीटर आर्तेदी १७३५ साली ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात पडून गेला आणि त्याचे हस्तलिखित त्याचा मित्र लिनियस याने छापले.

डोंगरगावच्या माशांना नावे मिळायला मात्र १९०८ साल उजाडावे लागले. ब्रिटिश म्युझियमचा आर्थर स्मिथ वुडवर्ड हा जीवाश्म माशांचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. चार खंडांची सूची त्याच्या नावावर होती. (चार वर्षांनी आदिमानवाची म्हणून पुढे केलेल्या पिल्टडाउनच्या बनावट कवटीला हाच वुडवर्ड फसला. माशांच्या बाबतीत मात्र त्याची नजर चुकली असे फारसे कोणी म्हटलेले नाही.) डोंगरगावच्या चुनखडीत त्याने तीन मासे ओळखले. एकाचे नाव त्याने हिस्लॉपवरून ठेवले, इओसेरॅनस हिस्लॉपी. तो आजच्या काटेरी परांच्या माशांचा दूरचा पूर्वज शोभेल असा. दुसरा पिक्नोडस, शिंपल्या फोडायला सपाट दाढा असलेला. आणि तिसरा लेपिडोस्टियस इंडिकस, म्हणजे गार मासा.

या तिसऱ्यापाशी जरा थांबायला हवे. गार मासा आज फक्त उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा इथे उरला आहे. त्याचे खवले रोहूसारखे पातळ, गोल, एकमेकांवर सरकणारे नसतात. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे, जाड, वरून दाताच्या कवचासारखे चकचकीत आणि कडेला कडा लावून बसवलेले असतात. मासा कुजतो, हाडे विखुरतात, खवला मात्र राहतो. म्हणूनच दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात या खवल्यांचे तुकडे पुन्हापुन्हा सापडतात. सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी या भागात नद्या-तळी होती, त्यांच्या काठी डायनोसॉर होते आणि लाव्हा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. अशा गढूळ, तापलेल्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात गार टिकला असणार तो एका सोयीमुळे. त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुप्फुसाचे काम करते. आजचा अमेरिकेतला गारही पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो.

माशाने हवा घ्यावी हे आपल्याला अपवाद वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. चार्ल्स डार्विनला वाटले होते की माशाच्या वाताशयापासून पुढे फुप्फुस झाले. आज मानले जाते ते असे की हवा घेणारी पिशवी आधीची आणि तरंगण्यापुरता उरलेला वाताशय नंतरचा. उथळ, गरम पाण्याची अडचण फार जुनी आहे, तिच्यावरचा उपायही तितकाच जुना.

गार गेला. डोह राहिले. डोहात आता दुसरी मंडळी आली, आणि तोच उपाय त्यांनी आपापल्या परीने नव्याने शोधला.

वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांना तो सुमारे ७ वर येतो. ही झाली स्वच्छ पाण्याची गोष्ट. वणी-मारेगावकडच्या उन्हाळ्यात आटत आलेल्या डोहाच्या तळाशी सागाचा पाला कुजत असतो आणि उरलासुरला प्राणवायू तोच खातो. अशा पाण्यात साधा मासा सकाळी उलटा तरंगताना दिसतो. मरळ दिसत नाही. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी पोकळ्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मरळ वर येते, तोंड पाण्याबाहेर काढते, एक घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. ही तिची चैन नाही, गरज आहे. पाणी चांगले असले तरी तिला वर यावेच लागते. जाळ्यात अडकून खालीच राहिलेली मरळ अक्षरशः बुडून मरते.

शिंगीने दुसरी युक्ती केली. तिच्या कल्ल्यांपासून दोन लांब नळ्या निघतात आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी मांसातून शेपटीकडे जातात. मांगूरच्या कल्ल्यांवर लालभडक फांद्यांची दोन झुडपे असतात, त्यांतून हवेतला प्राणवायू रक्तात जातो. वाम चिखलात शिरून बसते. बारीक चिखलमासे हवा गिळून आतड्याने प्राणवायू घेतात आणि उरलेली हवा मागून सोडून देतात. हे सगळे एकाच डोहात, एकाच उन्हाळ्यात चाललेले असते. शिंगीला हात लावणाऱ्याला तिच्या छातीवरच्या काट्याचे विष कळते. ज्याला एकदा काटा लागला तो त्या रात्री झोपत नाही.

एकाच डोहातल्या या माशांची आपसांत सोयरीक कोणती? हा वर्गीकरणाचा प्रश्न, आणि तो दख्खनमध्ये सायक्सच्याही सातशे वर्षे आधी विचारला गेला होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय करावे, काय खावे, कशात मन रमवावे याचा तो ज्ञानकोश. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याची करमणूक. सोमेश्वराच्या बापाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, दरबारात आलेला परमार राजपुत्र जगद्देव या भागात अधिकारी होता. त्याच्या काळचा शके १०३४, म्हणजे इ. स. १११२, चा शिलालेख यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला मिळाला आहे. हे डोंगरगाव पुसदकडचे, माशांच्या जीवाश्मांचे वरोऱ्याकडचे. आपल्याकडे डोंगर दिसला की डोंगरगाव होते. तेव्हा पैनगंगेचा मुलूख कल्याणीच्या दरबाराला परका नव्हता. सोमेश्वराने पैनगंगेत गळ टाकला असे कोणी सांगितलेले नाही. पण त्याच्या यादीतला रोहित आणि पाठीन इथल्या बाजारात आजही ओळखू येतील.

मानसोल्लासात पस्तीसेक माशांची नावे आहेत आणि त्यांची वाटणी सरळ आहे: समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि नुसत्या कातडीचे, मोठे, मध्यम आणि लहान. कोणत्याला कोणते आमिष घालायचे, कुठे चारा टाकून त्यांना सवय लावायची, हेही आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर लिहिले आणि ते जगापुढे आणले. होरांची गाठ पुन्हा पडेलच.

सोमेश्वराची वाटणी गळ टाकणाऱ्याला आणि चुलीपाशी बसणाऱ्याला पुरेशी आहे. खवले असले तर घासायचे, नसले तर राख लावून चिकटपणा काढायचा. पण नात्याच्या दृष्टीने ती फसवते. रोहूला खवले, मरळीला खवले, शिवडा आणि शिंगी बिनखवल्यांचे, म्हणून रोहू-मरळ एका घरचे आणि शिवडा-शिंगी दुसऱ्या घरचे असे वाटते. शरीर उघडून पाहिले की चित्र पालटते. रोहूच्या डोक्यामागे, कण्याच्या पहिल्या मणक्यांपाशी, चिमुकल्या हाडांची एक साखळी असते. वाताशयाला पाण्यातल्या आवाजाचा हादरा बसतो आणि ही साखळी तो आतल्या कानापर्यंत पोचवते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर याने ती १८२० साली दाखवली. हीच साखळी शिवड्यात आहे, शिंगीत आहे, मांगूरमध्ये आहे. मरळीत नाही. तेव्हा खवले असोत-नसोत, रोहू आणि शिंगी एकाच मोठ्या कुळातले, आणि मरळ लांबच्या घरची.

भोयाला वेबरचे नाव ठाऊक नसते, पण ही साखळी त्याच्या हिशेबात असते. डोहाला जाळे लावले की काठावरचे बोलणे बंद होते. मासे हाकायचे झाले की पाण्यावर काठ्या आपटतात आणि मासे आवाजापासून पळत जाळ्याकडे येतात. घोगरा उलट आपला आवाज करतो. परांचे काटे खोबणीत घासून तो घुरघुरतो आणि पाण्याबाहेर काढल्यावरही ते ऐकू येते. सायक्सच्या 'गोग्रा'चा जन्म तिथला.

इंग्रजी अमदानीत माशांकडे सरकारचे लक्ष गेले ते आधी धान्य आणि महसूल म्हणून. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर. त्याची १८७१ साली हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचा इन्स्पेक्टर जनरल म्हणून नेमणूक झाली. त्याने मुलूखभरच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले: तुमच्याकडे मासे कमी होत आहेत का, जाळ्याचा फासा केवढा, पिल्ले मारतात का, विष घालतात का. उत्तरांचा अहवाल १८७३ साली निघाला. पुढे 'द फिशेस ऑफ इंडिया' हा त्याचा चित्रांनी भरलेला ग्रंथ १८७५ ते १८७८ दरम्यान हप्त्याहप्त्याने आला, आणि १८८९ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसंपदेच्या मालिकेतले माशांचे दोन खंड. त्यात १,४१८ जाती आहेत. पन्नास-साठ वर्षे भारतात मासा ओळखायचा म्हणजे डे उघडायचा. त्याचा स्वभाव तिखट असावा. ब्रिटिश म्युझियमचा आल्बर्ट गुंथर याच्याशी त्याचे बिनसले होते आणि १८८३ च्या लंडनच्या मत्स्यप्रदर्शनानंतर त्याने आपल्या संग्रहाचा एक भाग ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या संग्रहालयाला विकला. त्यामुळे आपल्या नद्यांतल्या काही माशांचे मूळ नमुने पाहायचे तर आज सिडनी गाठावे लागते. दोन विद्वानांच्या भांडणात मासे एवढे लांब गेले.

डेच्या अहवालातून उठलेल्या चर्चेला पाव शतकाने कायद्याचे रूप आले. १८९७ च्या चौथ्या अधिनियमाने सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारणे गुन्हा ठरले. विषाची रीत मध्य हिंदुस्थानच्या रानपट्ट्यात जुनी आहे. गेळफळ किंवा हिंगणबेट ठेचून आटलेल्या डोहात कालवायचे. त्यातला फेस आणणारा अंश माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्यावर घाव घालतो, मासा गुदमरून वर येतो, खाणाऱ्याला सहसा बाधत नाही. इथेही हवा पिणारे मासे जरा जास्त तग धरतात. माझे मत विचाराल तर जुन्या विषाने डोहाचे एका उन्हाळ्याचे नुकसान होई आणि पुढच्या पुराने भरून निघे. सुरुंगाने मात्र खडकाखालचे बीजही जाते.

आता होरांकडे येऊ. सुंदरलाल होरा १८९६ साली पंजाबात जन्मले, प्राणिसर्वेक्षण खात्यात आले आणि १९४७ साली त्याचे संचालक झाले. त्यांना ओढ होती ती डोहाची नव्हे, धबधब्याची. जोराच्या पाण्यात मासा वाहून कसा जात नाही? १९३० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या माशांच्या चिकटण्याच्या अवयवांवर दीर्घ निबंध लिहिला. आपल्याकडचे उदाहरण म्हणजे मळ्या. सायक्सचा 'मुल्ल्या' तो हाच. बोटभर ते वीतभर मासा, अंगाने गोलसर, पोटाने सपाट. तोंड खाली वळलेले आणि हनुवटीच्या जागी मांसल चकती. छातीचे पर खालच्या अंगाला आडवे पसरलेले. पाणी वरून जाते, मळ्या खडकाला पोट लावून बसतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. खळाळ संपला की त्याचा संसार संपला.

होरांनी यावरून एक मोठे कोडे सोडवायचा प्रयत्न केला. पूर्व हिमालयातल्या ओढ्यांत जे मासे आहेत त्यांचे भाऊबंद पश्चिम घाटात सापडतात. मध्ये हजार मैलांचा सपाट मुलूख. ते गेले कसे? १९४०च्या दशकात होरांनी म्हटले की ते सातपुड्याच्या रांगेवरून गेले. कधीकाळी ही रांग अधिक उंच आणि ओली होती आणि ओढ्याओढ्यांतून मासे पश्चिमेकडे सरकत घाटाला लागले. वर्धेचा उगम या वाटेवरच पडतो. कल्पना भव्य होती, भूगोलाच्या पुस्तकांत गेली. आज ती जशीच्या तशी कोणी धरत नाही, माशांच्या जनुकांचा पुरावा तिला फारशी साथ देत नाही. तरी होरांचे एक देणे राहते. मासा पाहायचा तर तो ज्या पाण्यात राहतो ते पाणीही पाहा, हे त्यांनी शिकवले.

आणि पाणीच बदलले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यांच्या पुसद भागात पूस नदीवर धरण झाले. मग पैनगंगेवर इसापूर आले, अरुणावती अडली, अडाण अडली, बेंबळा अडली. कोरडवाहू जिल्ह्याला पाण्याची किती गरज होती हे इथे कोणाला सांगायला नको. पण माशाच्या दृष्टीने काय झाले ते सांगायला हवे. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहता पूर लागतो. पाऊस पडला, पाणी चढले, नवी जमीन बुडाली की मासे उथळात येतात आणि मादी शरीराच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी सोडून निघून जाते. साठलेल्या पाण्यात ती पोटात अंडी घेऊन फिरते, सोडत नाही. त्यामुळे पूर्वी बीज आणायचे ते बंगालच्या नद्यांतून. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कैदेतल्या माशाला अंडी सोडायला लावली. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन झाला तो यामुळे. त्या सुईनंतर पुराची गरज उरली नाही. गंगेकडचा कटला हव्या त्या तलावात सोडता येऊ लागला, आणि जलाशयांच्या मच्छीमार संस्था उभ्या राहिल्या त्या याच बिजावर.

त्यातून भोई समाजाच्या हाताला काम मिळाले, बाजारात मासा आला. हे मोठे काम आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण सोबत बिनबोलावलेले पाहुणेही आले. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, साठलेले पाणी तिला चालते, वर्षातून अनेकदा विते. धरण म्हणजे तिला माहेर. मग आला आफ्रिकन मांगूर, आपल्या मांगूरसारखाच हवा पिणारा, पण भूक कित्येक पटींनी मोठी. त्याच्यावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिले आहेत, आणि तरीही तो चोरून पाळला जातो. डोहात टिकण्याची जी विद्या देशी माशांनी कमावली होती, तीच घेऊन परका आला.

घोगरा, मळ्या, खळाळातले चिखलमासे यांना मात्र ना बीज केंद्रात जागा, ना बाजारात भाव. त्यांचा हिशेब कोणी ठेवायचा? वणी, पुसद, यवतमाळ, उमरखेड इथल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. त्यांतल्या विद्यार्थ्यांनी एकेक डोह वाटून घ्यावा, ज्या भोयाचे जाळे त्या डोहावर पडते त्याच्यासोबत बसावे आणि माशाचे नाव तो सांगेल तसे, त्याच्या नावानिशी, वहीत लिहावे. सायक्सने अर्धे काम केले होते, ते दोनशे वर्षांनी पुरे होईल. आणि हे पहिल्या पुराआधी, मे महिन्यात करावे, कारण तेव्हाच डोहात कोण उरले ते कळते.

महाराष्ट्राने २०२३ साली आपला राज्यमासा जाहीर केला, तो पापलेट. तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री चंद्रपूरचे होते, तरी मान मिळाला समुद्राला. कोकणाचा तो हक्क आहे, तक्रार नाही. पण पैनगंगेच्या खालच्या अंगाला नदीच राज्याची हद्द होते आणि पलीकडच्या काठावर तेलंगण लागते. तेलंगणाचा राज्यमासा मरळ आहे. अलीकडच्या काठावर, त्याच डोहात, तीच मरळ आहे. यवतमाळने तिला निदान आपला जिल्हामासा म्हणून जाहीर करावे.